हरिसिंगचा उजवा पाय

टिकल्यांचं पाकीट आरशाच्या मागे खोचलेलं असायचं. सोनीबाईच्या घरात फार वस्तू नव्हत्या, आणि होत्या त्यांना फिरायची सवय नव्हती. त्यामुळे त्या सकाळी आरशामागे हात घातल्यावर नुसता कंगवाच लागला तेव्हा तिला आधी स्वतःच्या हाताचाच संशय आला. तिने पुन्हा चाचपलं. गॅसवर चहा वर यायला लागला होता, तव्यावरची ज्वारीची भाकर पलटायची वाट पाहत होती, आणि सोनीबाई मोकळ्या कपाळाने आरशासमोर उभी. घरात माणसं दोनच. पोरगी खुशी शिकायला यवतमाळला. म्हणजे चोर एकच असू शकत होता, आणि तो तर टिकली लावत नव्हता.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. कडी अशी वाजली, की वाजवणारीला भांडायचं तर आहे पण भांडायची लाजही वाटते आहे.

दारात आरिफा होती. मागच्या गल्लीतल्या जैबुनबीची सून आणि सोनीबाईच्या नवऱ्याची, म्हणजे मोटर ड्रायव्हिंग स्कूलवाल्या हरिसिंग राठोडची, सध्याची विद्यार्थिनी.

"काकू, सर हायेत?"

"आंघोळीले गेले. ये ना, चहा होऊन राह्यला."

"चहा नको. काकू, तुमच्या टिकल्या गाडीत हायेत."

सोनीबाईने गॅस बारीक केला आणि ती आरिफाच्या मागोमाग अंगणात गेली. शाळेची पांढरी गाडी पेरूच्या झाडाखाली उभी होती. आरिफाने काचेतून आत बोट दाखवलं. स्टिअरिंगच्या मागे, जिथे गाडीचा वेग दिसतो त्या काचेवर, सोनीबाईच्या मरून टिकल्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. हळदीकुंकवाला आलेल्या बाया भिंतीशी बसतात तशा.

आरिफाने दार उघडून किल्ली फिरवली, गाडी सुरू केली. टिकल्यांच्या कडांनी उजेड बाहेर आला. एकीच्या मागून पिवळा, दुसरीच्या मागून लाल, तिसरीच्या मागून पुन्हा पिवळा.

"काल पुसद रोडवर सगळे दिवे एकदम लागलते," आरिफा म्हणाली. "सर म्हणे, तू क्लच जोरात सोडते म्हणून गाडी घाबरली. आता उद्याच्याले त्यायनं हे करून ठेवलं."

'उद्या' म्हणजे काय ते सोनीबाईला ठाऊक होतं. दिग्रसला लायसनचा कॅम्प रोज लागत नाही, आणि आरिफाच्या शिकाऊ लायसनची मुदत याच आठवड्यात संपत होती. एकदा ती नापास झालेली. गाडी मधेच बंद पडली होती. उद्या पुन्हा तसंच झालं तर सगळं पहिल्यापासून, आणि तोवर दिवाळीचे बाजार उठून जाणार. आरिफा आणि जैबुनबी दोघी आठवडी बाजारात लेकरांचे फ्रॉक आणि गाऊन विकायच्या. आरिफाचा नवरा अय्याज वणीकडे कोळशाच्या ट्रकवर, घरची व्हॅन अंगणात, आणि भाड्याचा ड्रायव्हर असा, की तो पोचवेपर्यंत बाजारातल्या चांगल्या जागा गेलेल्या असत. कापूस घरात आला की महिनाभर बायका हात सैल सोडतात. त्या महिन्यात आरिफाला स्वतः व्हॅन घेऊन जायचं होतं. एवढंच होतं तिचं.

हरिसिंग टॉवेलने कान पुसत बाहेर आला.

"माझ्या टिकल्या काहून नेल्या?" सोनीबाईने विचारलं.

"दिवे झाकाले. काळी चिकटपट्टी लावली तर साहेबाले लगेच दिसते. टिकली कोणाच्या बी गाडीत असते."

"इतक्या?"

हरिसिंगने गाडीकडे पाहिलं. इतक्या कोणाच्या गाडीत नसतात हे त्याला तेव्हाच उमगलं असावं, पण तो म्हणाला, "दिवे हायेत ते हायेतच. म्या कुठं नाही म्हटलं?"

आणि हे बोलताना त्याने उजव्या पायाने जमीन दाबली. सोनीबाईला ते दिसलं. तिला ते गेली कित्येक वर्षं दिसत होतं, म्हणूनच तिने त्याकडे लक्ष दिलं नाही.

या पायाचं जरा सांगायला हवं.

हरिसिंग मूळचा दिग्रसजवळच्या एका तांड्यावरचा. ऐन जवानीत तो दिग्रस-पुसद रस्त्यावर जीप चालवायचा. जीपमध्ये जेवढी माणसं आत तेवढीच बाहेर लटकलेली, तरी कधी कोणाला खरचटलं नाही. मग त्याने ड्रायव्हिंगची शाळा काढली. पहिला विद्यार्थी मिळाला तो विठ्ठलराव, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचा भागीदार, वजनदार माणूस, सगळ्याच अर्थांनी. विठ्ठलराव तिसऱ्याच दिवशी म्हणाला, "हरिसिंग, मले आता समजलं. तू फक्त बसून राह्य." हरिसिंग बसून राहिला. विठ्ठलरावाने गाडी स्वतःच्याच जिनिंगच्या फाटकातून आत घेतली, ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबलं, आणि गाडी आवारातल्या कापसाच्या गंजीत शिरली. आवाज झाला नाही. काहीच झालं नाही. गाडी नुसती दिसेनाशी झाली. हमालांनी कापूस उपसून दोघांना बाहेर काढलं तेव्हा दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, पापण्यांवरसुद्धा कापूस, आणि विठ्ठलराव सगळ्यांना सांगत होता, "गाडी चांगली हाय. फक्त ब्रेक जरा उशिरा लागते."

त्या दिवशी हरिसिंगच्या पायात जे शिरलं ते शिरलंच. त्याने गाडीत डाव्या बाजूला, स्वतःच्या जागेसमोर, दुसरं ब्रेक पेडल बसवून घेतलं. शाळेच्या गाडीला ते असावंच लागतं, आणि ते तारेने मुख्य ब्रेकला जोडलेलं असतं. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने दाबायचं. हरिसिंगने एवढाच फरक केला, की कोणी चुकायची वाट पाहिली नाही. तो पाय ठेवूनच बसायचा. सकाळी सात ते दहा, संध्याकाळी पाच ते आठ, वर्षानुवर्षं.

पुढे पाय गाडीबाहेरही ब्रेक मारायला लागला. एसटीत बसला की पुढच्या सीटखालचा पत्रा दाबायचा. टीव्हीवर मॅच चालू असली आणि कोणी दुसरी धाव घ्यायला निघाला की हरिसिंगचा पाय खाटेखाली दाबला जायचा. खुशीला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा मुलाची आत्या पगाराविषयी बोलायला लागली आणि पाय असा दाबला गेला, की सतरंजीला सुरकुती पडली. ते स्थळ जमलं नाही, त्याचं कारण वेगळं होतं. चपलांचंही तेच. जोडातली उजवी चप्पल अंगठ्याखाली झिजून भोक पडायचं आणि डावी नवीच्या नवी राहायची. सोनीबाईच्या दाराशी डाव्या चपलांचा ढीग होता. फेकवत नव्हत्या आणि कोणाच्या कामाच्याही नव्हत्या.

गावाने या पायाशी जुळवून घेतलं होतं. पाय पेडलवर, म्हणून गाडीचे मागचे लाल दिवे कायम पेटलेले. मागून पाहणाऱ्याला हरिसिंगची गाडी सदा थांबते आहे असंच वाटायचं, आणि ती चाललेली असायची. नवे ट्रकवाले दचकून ब्रेक मारत. जुने म्हणत, "ते हरिसिंगचं हाय. त्यावर जाऊ नको."

जुनी गाडी साधी होती. तिने हे सगळं निमूट सोसलं आणि एके दिवशी भंगारात गेली. ही नवी, म्हणजे कोणीतरी वापरून विकलेली पण नवी, संगणकवाली होती. ती सोसणाऱ्यातली नव्हती.

चहा झाल्यावर तिघंही जमीरच्या गॅरेजला निघाली. सोनीबाई खरं तर टिकल्यांचं नवं पाकीट आणायला निघाली होती, पण मागच्या सीटवर बसली ती बसलीच. वाटेत जैबुनबीही चढली. सुनेच्या परीक्षेआधी गाडीत काय बिघाड आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं तिने ठरवलं होतं.

"हा बदना काहून पेटला भाऊ?" पुढे वाकून तिने एका टिकलीआडून डोकावणाऱ्या चित्राकडे बोट दाखवलं. ते इंजिनचं चित्र होतं, पण खरोखर तोटीच्या लोट्यासारखं दिसत होतं.

"तो बदना नाही भाभी, इंजिन हाय."

"अन हे? गाडी दारू पिऊन चालली असं."

"गाडी घसरली का हे दाखवते."

"घसरली का मग?"

"नाही."

"मंग कायले दाखवते?"

हरिसिंगने पाय दाबला. आरिफाने गिअर बदलला.

जमीरचं गॅरेज पुसद रोडवर चिंचेखाली होतं. जमीर हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे विसरायची संधी तो कोणाला देत नसे. त्याने टिकल्या पाहिल्या, सोनीबाईच्या कपाळाकडे पाहिलं. मग मोबाइलला जोडायचं एक यंत्र त्याने स्टिअरिंगखाली खुपसलं.

"पाहा भाऊ. गाडी माझ्यासंगं बोलते."

"काय म्हणते?" जैबुनबीने विचारलं.

"म्हणते ब्रेकचा स्विच गेला."

मग त्याने समजावलं. ब्रेकच्या पेडलच्या वर एक बोटभर स्विच असतो. पाय ठेवला की तो गाडीला सांगतो, ब्रेक लागला. मागचे दिवे पेटवा. नव्या गाडीत सगळंच त्या स्विचला विचारून चालतं. तो खराब झाला की गाडीला कळत नाही की थांबायचं की जायचं, आणि ती घाबरून समोरचे सगळे दिवे लावून देते. तो स्विच त्याने काढून दाखवला. आतलं सगळं जळून काळं झालं होतं.

"इतकी छोटी चीज?" जैबुनबीला हे पटलं नाही. एवढे दिवे पेटवणारी चीज निदान नारळाएवढी तरी हवी होती.

नवा स्विच बसला. टिकल्या काढल्या. त्यांच्या मागचे दिवे विझलेले. आरिफाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सकाळ झाली. हरिसिंग डाव्या सीटवर बसला, "चल बेटा, एक चक्कर मार," म्हणाला, आणि गाडी पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत आली तेव्हा सगळे दिवे पेटलेले होते.

जमीरने यंत्र पुन्हा खुपसलं. गाडी पुन्हा तेच म्हणाली.

"स्विचच डुप्लिकेट निंघाला," जमीर म्हणाला आणि दुसरा बसवला. दिवे विझले. हरिसिंग बसला. चक्कर झाली. दिवे पेटले.

आता जमीरचा आवाज उतरला. गाडी आपल्याशी बोलते हे त्याने गिऱ्हाइकांसमोर सांगून ठेवलं होतं, आणि गाडी एकच वाक्य धरून बसली होती. त्याने तारा तपासल्या, फ्यूज तपासले, कुठे उंदराने काही कुरतडलं का ते पाहिलं. उंदीर नव्हता. चाकांजवळचे सेन्सर धुतले. गाडी चकचकीत झाली, दिवे तसेच.

"नजर हाय," जैबुनबी म्हणाली.

कोणी हो-नाही म्हणायच्या आत ती समोरच्या घरून सुक्या मिरच्या, मीठ आणि घमेल्यात गोवरीचा निखारा घेऊन आली. जमीर म्हणाला, "खाला, गॅरेजमंदी पेट्रोल हाय, जरा बाहेर," तेव्हा गाडी ढकलून चिंचेपलीकडे नेण्यात आली. जैबुनबीने गाडीवरून मिरच्या ओवाळल्या. बॉनेट, डिकी, चारही चाकं. विसरायला नको म्हणून स्टेपनीसुद्धा. मग मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

त्यानंतर जे खोकणं सुरू झालं त्याला तोड नाही. हरिसिंग गाडीतून बाहेर पडून बोअरवेलकडे धावला. जमीर डोळे चोळत यंत्र शोधत होता. रस्त्यावरचा एक सायकलवाला उतरून खोकला आणि पुन्हा सायकलवर बसून गेला. सगळ्यांना ठसका लागलेला पाहून जैबुनबी मात्र गोंधळली.

"ठसका लागला म्हंजे नजर नाही," ती हळूच म्हणाली. नजर असली की मिरचीचा वास येत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आणि त्याच वेळी, धुरातून वाट काढायला आरिफाने एकटीनेच गाडी सुरू करून पुढे नेली, मोकळ्या जागेला वळसा घालून परत आणली, आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "दिवे गेले."

सगळे धावले. खरंच गेले होते. काच कोरी.

"म्हंजे नजर नव्हती आणि उतरली," जमीर म्हणाला.

त्याच्या धंद्यात असं आजवर झालं नव्हतं. जैबुनबीनेही थोडा विचार केला आणि ठरवलं, की आपल्याला जे कळत नाही ते अल्लाला कळत असेल. हरिसिंग तोंड धुऊन आला. "चला, सुटलो," म्हणत गाडीत बसला, गाडी हलली, आणि बदना पेटला.

आता जैबुनबीला उत्तर मिळालं. ती हरिसिंगकडे वळली. "नजर गाडीले नाही. भाऊले हाय. भाऊ बसले की दिवे लागते. उरल्या मिरच्या कुठं हायेत?"

हरिसिंग खिडकीच्या काचा वर करायला लागला.

या सगळ्यात सोनीबाई चिंचेखाली आडव्या टायरवर बसून होती. घर चालवताना एक गोष्ट येते. कुकरची शिट्टी, दुधाचं उतू जाणं, नवऱ्याचं खाकरणं, यातलं कशामागून काय येतं हे न मोजता ध्यानात राहतं. जैबुनबी चुकली नव्हती. तो बसला की दिवे लागत होते. फक्त मिरचीने उतरणारं काही त्यात नव्हतं. सोनीबाईने गाडीच्या मागच्या बाजूला पाहिलं. हरिसिंग आत बसलेला, मागचे लाल दिवे पेटलेले. मग तिने खाली पाहिलं. गाडीच्या दाराशी हरिसिंगने बोअरवेलवर ओल्या झाल्या म्हणून काढून ठेवलेल्या चपला. डावी नवी. उजवीला अंगठ्याखाली भोक.

ती उठली, गाडीशी गेली, दार उघडलं.

"पाय वर घ्या."

"काय?"

"पाय. मांडी घाला."

"गाडीत?"

"पंगतीत बसता तसं बसा ना. कोण पाहून राह्यलं?"

सगळेच पाहत होते. हरिसिंगने सीट मागे सरकवली आणि कशीबशी मांडी घातली. मागचे लाल दिवे विझले. सोनीबाई मागे बसली. "चल आरिफा."

आरिफाने गाडी बंद करून पुन्हा सुरू केली आणि निघाली. पेट्रोल पंप आला, गेला. जिनिंगचं फाटक आलं, गेलं. कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून आरिफाने गाडी अलगद काढली. काच कोरीच राहिली. हरिसिंगच्या कपाळावर मात्र घाम जमला होता. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा गुडघा मांडीतल्या मांडीत थरथरायचा, जसं दावणीला बांधलेलं वासरू गाय दिसली की करतं. एकदा त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरला.

गॅरेजवर परतल्यावर जमीरला सगळं एकदम कळलं आणि आपल्याला आधीच कळलं होतं असं तो बोलायला लागला. "मी तेच म्हणत होतो. भाऊचा पाय पेडलवर, तार मेन ब्रेकले ओढून धरते. जराशीच, केसभर. स्विच समजते ब्रेक लागला. इकडं ही बहीण ॲक्सिलेटर देऊन राह्यली. गाडीले वाटते, थांबा बी म्हणते आन चाला बी म्हणते. दोघं जण चालवून राह्यले ना मले." त्याने बॉनेटवर थाप मारली. "गाडी येडी नाही. पहिला स्विच तर भाऊच्या पायानंच जळला असन."

आरिफा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मग तिने समोर पाहतच विचारलं, "सर, मागच्या कॅम्पले माझी गाडी बंद पडलती. चढावर. ते..."

"क्लच जोरात सोडला होता तू," हरिसिंग म्हणाला.

"हो सर."

हरिसिंगने मांडी सोडली आणि दोन्ही पाय दाराबाहेर जमिनीवर ठेवले.

"थोडासाच सोडला होता," हरिसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॅम्प विश्रामगृहामागच्या मैदानात होता. साहेब कडुनिंबाखाली खुर्चीवर बसलेले. काठ्या रोवून आठचा आकडा आखलेला. शिकवणाऱ्याने शेजारी बसायचं ही तिथली रीत, आणि पेडल जागेवर असणं हा नियम. म्हणजे तार काढता येत नव्हती. काढता येण्याजोगा फक्त पाय होता.

सोनीबाईने याचा विचार करून ठेवला होता. परीक्षेला जाणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची असते. तिने आरिफाच्या हातावर एक चमचा ठेवली आणि उरलेल्या दह्याने काठोकाठ भरलेलं, कल्हई केलेलं पितळेचं पातेलं मांडी घालून बसलेल्या हरिसिंगच्या मांडीत ठेवलं.

"हे काय?"

"शकुन. सांडू नका."

"एवढा शकुन?"

"पाय हलला की सांडन. ध्यानात राह्यन."

जैबुनबी काठ्यांबाहेर ओठ हलवत उभी होती. साहेबांनी हात केला. आरिफा निघाली. पहिली काठी, दुसरी. गाडी आठच्या पोटात वळली. हरिसिंग दोन्ही हातांनी पातेलं धरून दह्याकडे पाहत होता. रस्त्याकडे पाहिलं असतं तर पाय आपोआप खाली गेला असता, हे त्याला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो चालत्या गाडीत समोर न पाहता बसला होता. काच कोरी होती. मागचे दिवे विझलेले होते, आणि बघ्यांमधला एक ट्रकवाला शेजाऱ्याला म्हणालाही, "हरिसिंगचे लाल दिवे गेले वाटते. बल्ब उडाला असन."

चढ आला, जिथे मागच्या वेळी गाडी बंद पडली होती. या वेळी गाडी चढली. नुसती चढली. आरिफाला इतकं आश्चर्य वाटलं, की ती क्षणभर शेजारी पाहणार होती.

आणि मग टपरीवाला शाम साहेबांसाठी चहाचा ट्रे घेऊन सरळ काठ्यांमधून निघाला. रोज तो त्याच वाटेने जायचा. मधे गाडी असू शकते हे त्याच्या गावीही नव्हतं.

हरिसिंगला शाम दिसला नाही, कारण तो दही पाहत होता. पण वर्षानुवर्षं कोणाच्या तरी चुकीच्या धास्तीत बसलेल्या पायाला काहीतरी जाणवलं. मांडी सुटायला लागली. उजवा गुडघा उचलला गेला. दही एका काठाला आलं.

पाय खाली जायच्या आधीच गाडी थांबली. आरिफाने थांबवली होती. जिथे थांबायला हवी तिथे, शामच्या ट्रेपासून दोन हातांवर. इंजिन चालूच होतं. ट्रेमधला एकही कप हलला नाही. पातेल्यातलं सगळं दही मात्र पुढे उसळून परत मागे आलं, हरिसिंगच्या छातीवर, मिशांवर, पापण्यांवर.

शाम चहा देऊन आला. आरिफाने आठ पूर्ण केला, गाडी उलट घेतली, दोन काठ्यांच्या मधे उभी केली. साहेब कागद घेऊन खिडकीशी आले. त्यांनी दिव्यांच्या कोऱ्या काचेकडे पाहिलं, आरिफाकडे पाहिलं, आणि मग शेजारी मांडी घालून बसलेल्या पांढऱ्याफटक माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"हे कोण?"

"सर हायेत माझे," आरिफा म्हणाली.

साहेबांनी अजून थोडा वेळ पाहिलं. मग खाली सही केली. "पास," ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे वळले.

जैबुनबीने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग हरिसिंगकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुम्ही धुऊन या. माशा येतीन." बघ्यांत विठ्ठलराव होता, पुतण्याला परीक्षेला घेऊन आलेला. हरिसिंगला त्या रंगात पाहून त्याला इतक्या वर्षांनी ओळख पटली. "हरिसिंग," तो काठीवर टेकून म्हणाला, "आता कोणाच्या गंजीत गेलतास?"

परतताना गाडी आरिफाच चालवत होती. शेजारी तिने जैबुनबीला बसवलं होतं, आणि जैबुनबी येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून हात करत होती. मागे सोनीबाई आणि हरिसिंग. हरिसिंगची मान बाहेर वळलेली. तो रागावला आहे, लाजला आहे की थकला आहे हे मानेवरून कळत नव्हतं. सोनीबाईने पदराच्या टोकाने त्याच्या कानामागचं राहिलेलं दही पुसलं. मागच्या सीटखाली त्याचा उजवा पाय रबरी पायपुसण्यावर दाबलेला होता. तिथे काहीच नव्हतं, तरी दाबलेला होता. तिने तो पाहिला.

गॅरेजसमोर गाडी थांबली. आरिफाने पेढे आधीच आणून ठेवले होते, म्हणजे नापास झाली असती तर ते काय करायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. जमीरने एक पेढा तोंडात टाकला आणि धंद्यावर आला.

"भाऊ, मी काय म्हणतो. तो स्विच तर चांगला हाय आता. पण तुमचा पाय काही ऐकणार नाही. तार काढून टाकू का?"

"नाही," हरिसिंग म्हणाला. "तार राहू दे. एखाद्या दिवशी खरंच लागन. नियम हाय तो."

"मंग परत दिवे लागतीन. मंग परत खाला मिरच्या आणन."

"आणीन," जैबुनबी म्हणाली.

हरिसिंग गॅरेजच्या आतल्या भिंतीकडे पाहत होता. तिथे खिळ्याला जुन्या गाड्यांचे निघालेले भाग टांगलेले असत, कामाचे आणि बिनकामाचे. त्यातच त्याच्या पहिल्या गाडीचं, भंगारात गेलेल्या गाडीचं, डाव्या बाजूचं पेडल होतं. रबराला अंगठ्याएवढा खळगा पडलेला. जमीरने ते का ठेवलं होतं कोण जाणे. हरिसिंग आत गेला, पेडल खिळ्यावरून काढलं, शर्टाला पुसलं, आणि जमीरसमोर धरलं.

"हे माझ्या जागी, त्या पेडलच्या बाजूले, बसवून दे. कशालेच जोडू नको. नुसतं पायाखाली राहू दे."